रक्तदानासाठी माणसं कशी जोडावीत : पहिल्या विचारण्यापासून दुसऱ्या रक्तदानापर्यंत

एप्रिल संपत आला की महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्यांमध्ये पिशव्या कमी पडू लागतात. कॉलेजांना सुट्टी लागते, नोकरदार गावी जातात, घरोघरी लग्नं असतात आणि उन्हामुळे मंडळंही शिबिर घ्यायला कचरतात. दिवाळीच्या आसपास पुन्हा तेच होतं. पण थॅलेसेमिया (अंगात पुरेसं रक्त तयार न होण्याचा जन्मजात आजार) झालेल्या मुलाला मे महिन्यातही दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावंच लागतं. बाळंतपणातले रक्तस्राव, महामार्गावरचे अपघात, कर्करोगाचे उपचार, नंदुरबार-गडचिरोलीतले सिकलसेलचे (तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण यातलं काहीच सुट्ट्या बघून थांबत नाही.

दुसरीकडे २६ जानेवारी, १५ ऑगस्ट किंवा एखाद्या पुढाऱ्याचा वाढदिवस आला की एकाच शहरात एकाच दिवशी अनेक शिबिरं लागतात. रक्त साठवून ठेवता येतं, पण फार दिवस नाही. तांबड्या पेशी ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) फक्त ५ दिवस. त्यामुळे एका दिवसात शंभर पिशव्या जमवून फोटो काढण्यापेक्षा, वीस माणसं वर्षातून तीनदा वेगवेगळ्या महिन्यांत रक्त देतील अशी व्यवस्था लावणं रुग्णांच्या जास्त उपयोगाचं आहे. पुढची सगळी पद्धत याच हिशेबाने लिहिली आहे. ती मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी आहे, सोसायटीच्या कमिटीसाठी आहे, एनएसएसच्या स्वयंसेवकांसाठी आहे, आणि आपल्या ओळखीतली चार माणसं तरी रक्तदानाला न्यावीत असं ज्याला वाटतं त्या कुणासाठीही आहे.

आधी नियम तोंडपाठ करा

अर्धा दिवस रजा टाकून, मनाची तयारी करून आलेल्या माणसाला ‘तुम्ही सहा महिन्यांपूर्वी टॅटू काढलाय, चालणार नाही’ असं टेबलावर ऐकावं लागलं, तर तो पुन्हा सहसा येत नाही. म्हणून बोलावणाऱ्याला मुख्य नियम माहीत हवेत.

वय १८ ते ६५. मात्र आयुष्यात पहिल्यांदाच रक्त देणाऱ्याचं वय ६० च्या वर नसावं. वजन निदान ४५ किलो. हिमोग्लोबिन बाई असो वा पुरुष, निदान १२.५. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांनी ९० दिवस आणि महिलांनी १२० दिवसांचं अंतर ठेवायचं. साधारण ३५० मिलिलिटर रक्त घेतात. वजन ५५ किलोच्या वर असेल तर ४५० मिलिलिटरही घेता येतं.

टॅटू काढला असेल किंवा कान-नाक टोचलं असेल तर १२ महिने थांबायचं. बाळंतपणानंतरही १२ महिने, आणि बाळ अंगावर पीत असेल तोवर नाहीच. मलेरिया बरा झाल्यावर ३ महिने, डेंग्यू किंवा चिकनगुनिया बरा झाल्यावर ६ महिने. अँटिबायोटिकचा कोर्स संपून दोन आठवडे व्हायला हवेत. ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू आहेत म्हणून माणूस लगेच बाद होत नाही. प्रेशर ताब्यात असेल आणि गेल्या २८ दिवसांत गोळी किंवा डोस बदललेला नसेल तर चालतं. साखर गोळ्यांवर नीट राहत असेल तरी चालतं, इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र देऊ नये. शेवटचा निर्णय शिबिरातल्या डॉक्टरांचा. तुम्ही फक्त आधी चाळणी लावायची, म्हणजे कुणाचा हेलपाटा होणार नाही.

एक नियम कार्यकर्ते हमखास विसरतात. लांब पल्ल्याचे ड्रायव्हर, अग्निशमन दलाचे जवान, अंगमेहनतीचं जड काम करणारे यांच्या पुढच्या ड्युटीला निदान २४ तास बाकी असायला हवेत. एसटी डेपोत किंवा एमआयडीसीत शिबिर घेणार असाल तर शिफ्टचं वेळापत्रक आधी मागवा आणि ज्यांची दुसऱ्या दिवशी साप्ताहिक सुट्टी आहे त्यांनाच बोलवा. रात्रपाळी करून आलेल्या, झोप न झालेल्या माणसाला तर आग्रह नकोच.

वही उघडा आणि नावं लिहा

फ्लेक्स लावणं, व्हॉट्सॲपवर आमंत्रणपत्रिका टाकणं, रिक्षावर भोंगा फिरवणं यातून दिवस आणि जागा कळते. पण कळलं म्हणून माणूस येतोच असं नाही. रक्तदान न करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांचा विरोध नसतोच. त्यांना कुणी समोर उभं राहून ‘येता का?’ असं विचारलेलं नसतं, इतकंच.

म्हणून दहा नावांची यादी करा. फक्त दहा. ज्यांना तुम्ही नावाने ओळखता, ज्यांच्या घरी चहा घेता, अशीच माणसं घ्या. त्यात दोन-तीन जण आधी कधीतरी रक्त दिलेले असावेत, कारण नवखा माणूस ज्याने दिलंय त्यालाच सगळे प्रश्न विचारतो. नुकतीच १८ पूर्ण झालेली दोन मुलं असावीत. या वयात सवय लागली तर पुढे कितीतरी वर्षं टिकते. आणि निदान तीन महिला असाव्यात, कारण बहुतेक याद्या पुरुषांनी पुरुषांच्या केलेल्या असतात आणि बायकांना कुणी विचारतच नाही.

प्रत्येक नावापुढे रक्ताचा ग्रुप (माहीत असेल तर), शेवटचं रक्तदान कधी केलं ती तारीख आणि त्या माणसाची अडचण काय असेल याचा अंदाज लिहा. दुकानदाराला वेळेची अडचण असते, सासुरवाशिणीला घरच्यांच्या होकाराची, शेतकऱ्याला पेरणी-काढणीची. ऐन पेरणीत कुणाला विचारायला जाऊ नये.

विचारायचं कसं

एकट्याला गाठून विचारा. चार लोकांत विचारलं तर माणूस भिडेपोटी हो म्हणतो आणि त्या दिवशी फोन उचलत नाही. त्याहून वाईट म्हणजे, एखाद्याला सांगण्याजोगं नसलेलं काही कारण असू शकतं आणि लाजेखातर तो ते लपवून रक्त देतो. ते रक्त रुग्णाच्या अंगात जाणार असतं.

बोलताना दिवस, वेळ, जागा आणि सोबत हे चारही एकाच वाक्यात येऊ द्या. ‘रक्तदान करायला हवं हो सगळ्यांनी’ हे ऐकून कुणी उठत नाही. ‘अण्णा, येत्या रविवारी सकाळी दहाला मी शाळेच्या हॉलमध्ये रक्त द्यायला चाललोय. तुम्हाला घ्यायला साडेनऊला येऊ का?’ असं विचारलं की समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. नाही म्हणाले तर ‘बरं, काही हरकत नाही’ म्हणून विषय सोडा. तीन महिन्यांनी पुन्हा विचारता येतं.

तुम्ही स्वतः देत नसाल तर दुसऱ्याला सांगणं अवघड जाईल. प्रकृतीमुळे तुम्हाला देता येत नसेल तर ते सरळ सांगा : ‘मला डॉक्टरांनी मनाई केलीय, पण तुमचं होईपर्यंत मी शेजारी थांबते.’ लोकांना हे पटतं.

थॅलेसेमियाच्या मुलाचा रडवेला फोटो दाखवून माणसं गोळा करू नका. त्या मुलाला शाळेत, गल्लीत वावरायचं असतं. शिवाय दया दाखवून आणलेला माणूस एकदा येतो. पुन्हा त्याला आणायचं तर आणखी एक फोटो लागतो.

‘नाही’ मागची भीती ओळखा

सगळ्यात जास्त ऐकू येतं ते ‘अशक्तपणा येतो’. हे खोडून काढू नका, आकडे सांगा. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातलं ३५० मिलिलिटर घेतात. त्यातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशी भरून यायला काही आठवडे लागतात, आणि शरीरातलं लोह भरून यायला त्याहून जास्त. ९० आणि १२० दिवसांचं अंतर त्यासाठीच आहे. त्या दिवशी जड उचलू नका, भरपूर पाणी प्या, एवढंच पथ्य. पैलवानाने त्या दिवशी तालीम बुडवावी, बाकी रोजची कामं होतात.

‘सुईची भीती वाटते’ असं पुरुष सहसा म्हणत नाहीत. ते ‘वेळ नाही’ म्हणतात. ही भीती आहे असं वाटलं तर त्या माणसाला आधी नुसतं सोबत म्हणून घेऊन जा. दहा मिनिटांत दुसऱ्याचं रक्त देऊन झालेलं आणि तो उठून बिस्किट खाताना दिसला की अर्ध्याहून अधिक काम झालेलं असतं.

‘माझा ग्रुप साधाच आहे, बी पॉझिटिव्ह, कशाला लागणार?’ यावर उत्तर सोपं आहे : ग्रुप साधा आहे म्हणजेच त्या ग्रुपचे रुग्णही सगळ्यात जास्त आहेत. निगेटिव्ह ग्रुपचे लोक आपल्याकडे शंभरात साधारण पाच असतात. ‘माझं दुर्मीळ आहे, मी राखून ठेवतो’ असं त्यांच्यातले काही म्हणतात. त्यांना रक्तपेढीत नाव नोंदवायला सांगा, म्हणजे गरजेच्या वेळी त्यांना बोलावून घेता येईल. बॉम्बे ब्लड ग्रुप तर मुंबईतच, केईएम रुग्णालयात डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधला आणि १९५२ मध्ये जगापुढे मांडला. साध्या तपासणीत हा ग्रुप ‘ओ’ वाटतो, पण या लोकांना फक्त याच ग्रुपचं रक्त चालतं. असा माणूस तुमच्या यादीत निघाला तर त्याची नोंद रक्तपेढीकडे नक्की व्हायला हवी.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. ‘आम्ही फुकट देतो आणि ते विकतात.’ गावात, चाळीत, ऑफिसात, कुठेही जा, हा प्रश्न येतोच, आणि तो विचारणाऱ्याच्या नातेवाइकाने कधीतरी पिशवीमागे हजार-दीड हजार मोजलेले असतात. त्याला ‘गैरसमज आहे तुमचा’ असं म्हणून गप्प करू नका. काय आहे ते नीट सांगा. रक्त विकायला कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून पैसे घेऊन रक्त देणारे धंदेवाईक रक्तदाते देशभर बंद झाले. त्याआधी गरिबीपोटी, व्यसनापोटी रक्त विकणारी माणसं होती आणि त्यातून रुग्णांना कावीळ, एचआयव्ही होण्याचा धोका मोठा होता. आज रुग्णाकडून घेतात ते प्रक्रिया शुल्क. पिशवीचा खर्च, एचआयव्ही, कावीळ बी, कावीळ सी, गुप्तरोग आणि मलेरिया या पाच तपासण्या, रक्ताचे घटक वेगळे करणं, ठरावीक तापमानाला साठवणं हे सगळं त्यात येतं. त्याच्या रकमेला सरकारने मर्यादा घातली आहे. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या) रुग्णांना सरकारी नियमांनुसार रक्त मोफत मिळतं.

आणि एवढं सांगून थांबू नका, हिशेब मागा. शिबिर झाल्यावर रक्तपेढीला लेखी विचारा : किती पिशव्या गोळा झाल्या, किती घटक वेगळे केले, किती वापरल्या गेल्या, किती मुदत संपून किंवा तपासणीत बाद झाल्या. चांगली रक्तपेढी हे आनंदाने देते. देत नसेल तर पुढच्या वेळी दुसरी रक्तपेढी बोलवा. मिळालेला हिशेब ज्यांनी रक्त दिलं त्यांच्या ग्रुपवर टाका. माझ्या मते या एका गोष्टीने जेवढा विश्वास बसतो तेवढा दहा भाषणांनी बसत नाही.

महिलांचं हिमोग्लोबिन

शिबिरात उत्साहाने आलेल्या कितीतरी महिला १२.५ च्या खाली निघतात आणि ‘जमत नाही तुम्हाला’ असं ऐकून मान खाली घालून परत जातात. ही वेळ आपण टाळू शकतो. शिबिराच्या दोन-तीन महिने आधी, महिला बचत गटाच्या बैठकीला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मदतीने हिमोग्लोबिन तपासणी ठेवा. ज्यांचं कमी निघेल त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या सुरू होतील. जेवणात डाळी, उसळी, पालेभाज्या, अळीव आणि सोबत लिंबू पिळण्याची सवय लावा. जेवण झाल्याझाल्या चहा नको, त्याने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. दोन महिन्यांनी त्यातली एखादी बाई १३ वर पोचून रक्त देईल, आणि बाकीच्यांनाही स्वतःच्या तब्येतीचा आकडा कळलेला असेल. त्या तपासणीचा रक्तदानाइतकाच उपयोग आहे, निदान मला तरी तसंच वाटतं.

घरून विरोध असेल तर सासूबाईंशी स्वतः बोला. बरेचदा त्यांची भीती खरी काळजीची असते : ‘आधीच बारीक आहे पोर.’ त्यांनाही सोबत चला म्हणा, डॉक्टर तपासूनच घेतात हे त्यांना स्वतः बघू द्या.

तारीख रक्तपेढीला विचारून ठरवा

आपल्या सोयीची तारीख ठरवून मग रक्तपेढीला फोन करायची पद्धत उलटी करा. परवानाधारक रक्तपेढीच्या समाजसेवा अधिकाऱ्यांना विचारा, ‘तुम्हाला कोणत्या आठवड्यात रक्त कमी पडतं?’ उत्तर बहुधा एप्रिल-मे आणि दिवाळीनंतरचा आठवडा असंच येतं. मग उन्हाचा उपाय आपल्या हातात आहे : सकाळी आठ ते अकरा, पंखे असलेला हॉल, माठातलं पाणी.

दिनदर्शिका समोर ठेवा. उपाशीपोटी किंवा उपवासाच्या दिवशी रक्त देता येत नाही, चार तासांच्या आत काहीतरी खाल्लेलं हवं. आषाढी एकादशी, श्रावणी सोमवार, संकष्टी, नवरात्र या दिवशी शिबिर ठेवलं तर निम्मी माणसं परत पाठवावी लागतील. मुस्लिम वस्तीत रमजानमध्ये दिवसाचं शिबिर ठेवू नये. गुरुवार करणारेही बरेच असतात.

आकडाही झेपेल एवढाच ठेवा. ५० ते ७० रक्तदात्यांना साधारण तीन तास, १०० ते १२० जणांना पाच तास, असा हिशेब नियमांत धरलेला आहे. त्यापेक्षा जास्त माणसं एकाच वेळी बोलावली तर रांगेत उभ्या माणसाला उन्हाने आणि वाट बघण्यानेच गरगरायला लागतं. सर्वांना ‘दहाला या’ न सांगता अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वेळा वाटून द्या.

शिबिराच्या दिवशी

पहिल्यांदा देणाऱ्यावर सगळं लक्ष. चक्कर येण्याचं प्रमाण याच लोकांत, त्यातही तरुण आणि कमी वजनाच्या मुलामुलींत जास्त असतं. रक्त देण्याआधी दहा-पंधरा मिनिटं दोन ग्लास पाणी प्यायला लावा. खाटेवर असताना मांड्या-पोटऱ्या आवळून सैल करत राहायला सांगा. दोन्हीमुळे चक्कर येणं कमी होतं. शेजारी बसून गप्पा मारणारा माणूस हवा. फॉर्म भरून घेणारे पाच आणि गप्पा मारणारा एकही नाही, असं अनेक ठिकाणी दिसतं.

झाल्यावर पंधरा मिनिटं खुर्चीत बसवा. केळं, चिक्की, सरबत द्या. लगेच मोटरसायकलवर बसू देऊ नका. एखाद्याला चक्कर आलीच तर आडवं करून पाय उंच करा, आणि गर्दी हटवा. त्याचा कुणी व्हिडिओ काढत असेल तर तिथल्या तिथे थांबवा.

भेटवस्तूंबद्दल माझं मत स्पष्ट आहे. हेल्मेट, मिक्सर, चांदीचं नाणं, लकी ड्रॉ हे बंद करा. सरकारच्या औषध नियमांत धंदेवाईक रक्तदात्याची व्याख्या करताना रोख पैशांइतकाच वस्तुरूपातला मोबदलाही धरला आहे. मोठ्या वस्तूच्या लोभाने आलेला माणूस आपला आजार, आपली औषधं लपवतो. प्रमाणपत्र, दाता कार्ड, गुलाबाचं फूल, पोटभर नाश्ता एवढं पुरे.

परत पाठवलेल्या माणसाला मान द्या. त्याला का नाकारलं हे चारचौघांत विचारू नका. त्याने यायची तयारी दाखवली हे त्याला बोलून दाखवा, नाश्ता द्या, पुन्हा कधी देता येईल ती तारीख वहीत लिहून घ्या. कायमचा बाद झालेला माणूस असेल तर त्याला यादीच्या कामात घ्या. हीच माणसं पुढे उत्तम कार्यकर्ते होतात. ‘एचआयव्हीची तपासणी फुकट होते म्हणून रक्त देतो’ असा विचार कुणाच्या मनात असेल, तर सरकारी रुग्णालयात ती तपासणी मोफत आणि गुप्तपणे होते, हे फॉर्मच्या टेबलावर लिहून ठेवा. लागण ताजी असेल तर ती चाचणीत लगेच दिसत नाही, म्हणून हे सांगणं फार गरजेचं आहे.

तातडीच्या मेसेजचं शिस्तीत करा

‘अर्जंट ओ निगेटिव्ह हवंय’ असे मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात आणि रुग्ण केव्हाच घरी गेलेला असतो. असे मेसेज वाचून वाचून लोक खऱ्या हाकेलाही प्रतिसाद देत नाहीत. म्हणून मेसेजमध्ये ग्रुप, काय हवंय (रक्त की प्लेटलेट्स), किती पिशव्या, रुग्णालय आणि शहर, तारीख आणि ‘या तारखेनंतर पुढे पाठवू नये’ ही ओळ हवीच. रुग्णाचा फोटो आणि आजाराचं नाव नको. काम झालं की ‘सोय झाली, धन्यवाद’ असा मेसेज त्याच ग्रुपवर टाका. मेसेज पुढे ढकलण्याआधी एक फोन करून खात्री करा. रक्तदाता मिळवून देतो म्हणून पैसे मागणारा कुणी भेटला तर त्याला लांब ठेवा. कोणत्या रक्तपेढीत काय शिल्लक आहे हे ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर बघता येतं. नातेवाइकांना रात्री-अपरात्री वणवण करायला लावण्याआधी ते उघडून बघा.

दुसऱ्या वेळचा फोन

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक नवीन रक्तदात्याला फोन करा. ‘हात दुखतोय का? चक्कर वगैरे नाही ना आली?’ एवढंच. काळंनिळं झालं असेल तर पहिल्या दिवशी थंड पट्टी लावायला सांगा आणि काही दिवसांत जाईल म्हणून धीर द्या. दुखणं वाढत असेल किंवा हाताला मुंग्या येत असतील तर रक्तपेढीच्या डॉक्टरांशी बोलणं करून द्या.

मग वहीत पुढची तारीख मांडा : पुरुषांच्या नावापुढे ९० दिवसांनंतरची, महिलांच्या नावापुढे १२० दिवसांनंतरची. त्या तारखेच्या आठवडाभर आधी फोन करा. आता शिबिराची वाट बघायची गरज नाही. त्यांना घेऊन सरळ रक्तपेढीत जा, आधी फोन करून गेलात तर तासाभरात सगळं उरकतं. रक्तपेढीला कोणत्या ग्रुपची गरज आहे ते विचारून त्या ग्रुपच्या दोघा-तिघांना त्या आठवड्यात न्या, बाकीच्यांना पुढच्या आठवड्यात.

दुसऱ्यांदा दिलेल्या माणसाला विचारा, ‘तुमच्या ओळखीतले दहा जण कोण?’ आणि एक कोरी वही त्याच्या हातात द्या.